एल्सवर्थ यांची सही असलेला कनेटिकटचा जुना कागद: तो नेमका काय आहे, कसा तपासावा, कसा जपावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कनेटिकटमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीतून चौकटीत बसवलेला एक हस्तलिखित कागद घेतला. त्यावर हार्टफर्डचं नाव आणि १७७७ची तारीख आहे, रक्कम पौंड-शिलिंगमध्ये आहे, खाली ‘ओ. एल्सवर्थ’ अशी सही आहे आणि मधोमध एक भोक आहे. विकणाऱ्याने ‘अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनी सही केलेला कागद’ असं सांगून तो दिला. कागद खरा असेल का, किती किमतीचा असेल आणि पुण्याच्या घरी भिंतीवर लावता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

वर्णनावरून कागदाचा प्रकार लक्षात येतो. ब्रिटिशांविरुद्धचं अमेरिकेचं क्रांतियुद्ध सुरू झाल्यावर कनेटिकटने युद्धखर्चाचे हिशेब तपासायला ‘कमिटी ऑफ द पे टेबल’ नावाची समिती नेमली होती. पलटणीचा पगार, रसद, बैलगाड्यांचं भाडं, जखमी सैनिकांचा खर्च यांची बिलं समितीकडे येत. समिती ती तपासून खजिनदार जॉन लॉरेन्स यांच्या नावे हुकूम काढी: अमक्याला इतके पौंड, इतके शिलिंग, इतके पेन्स द्यावेत आणि रक्कम राज्याच्या खाती घालावी. खाली समितीच्या एक किंवा अधिक सदस्यांच्या सह्या आणि मागे पैसे घेणाऱ्याची पोच असे. पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झालेले ऑलिव्हर एल्सवर्थ १७७५पासून या समितीवर होते. एलियझर वेल्स, फेन वॉड्सवर्थ, हेझकाया रॉजर्स, विल्यम मोझली आणि युद्धाच्या अखेरीपासून ऑलिव्हर वॉलकॉट धाकटे यांच्या सह्याही अशा कागदांवर सापडतात. ‘ऑलिव्हर’ एवढंच नीट वाचता येत असेल तर पुढे एल्सवर्थ आहे की वॉलकॉट हे आधी पाहा. दोघेही पुढे राष्ट्रीय पदांवर गेले आणि त्यांचे कागद एकमेकांच्या नावावर खपवले जातात.

विकणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही, पण दिशाभूल करणारं आहे. १७७७ साली एल्सवर्थ न्यायाधीश नव्हते. ते बत्तीस वर्षांचे वकील होते आणि त्याच वर्षी हार्टफर्ड काउंटीचे सरकारी वकील झाले. अशा कागदाची किंमत, दुर्मिळता आणि कायदेशीर स्थिती ठरते ती तारखेवर. सही करणारा त्या दिवशी कोणत्या नात्याने सही करत होता, हे तारखेवरूनच कळतं. म्हणून सहीपेक्षा तारीख आधी वाचा.

एल्सवर्थ यांच्या बाबतीत हिशेब असा आहे. १७७५पासून ते पे टेबल समितीवर होते. १७७७पासून ते सरकारी वकील होते, म्हणजे आरोपपत्रांवर आणि फिर्यादींवर त्यांची सही येऊ शकते. १७७८ ते १७८३ या काळात ते अधूनमधून फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये होते आणि १७८०पासून गव्हर्नरच्या कौन्सिलवर. १७८५ ते १७८९ या काळात ते कनेटिकटच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश होते. खऱ्या अर्थाने ‘न्यायाधीशाचा कागद’ म्हणता येईल असा मजकूर इथून सुरू होतो. १७८९ ते १७९६ ते सिनेटर होते. १७८९चा न्यायव्यवस्थेचा कायदा, म्हणजे अमेरिकी संघराज्याच्या न्यायालयांची उभारणी करणारा कायदा, मुख्यतः त्यांच्या हातचा. मार्च १७९६मध्ये ते सरन्यायाधीश झाले. १७९९ साली फ्रान्सशी तहाची बोलणी करायला गेले आणि तिथूनच ऑक्टोबर १८००मध्ये राजीनामा लिहून पाठवला. म्हणजे सरन्यायाधीश म्हणून देशात बसून काम केलं ते जेमतेम साडेतीन वर्षं. त्या काळातली सही दुर्मिळ असण्याचं हे एक कारण. राज्यघटनेवर त्यांची सही नाही. १७८७च्या फिलाडेल्फिया अधिवेशनातल्या तडजोडीत त्यांचा मोठा वाटा होता, पण सह्या होण्याआधीच ते घरी परतले होते. तेव्हा कोणी त्यांना ‘घटनेवर सही करणारे’ म्हणून विकत असेल तर त्याचं बाकीचं बोलणंही तपासून घ्यावं.

आणखी एक फसवी जागा आहे आणि तिथे जाणकार ग्राहकही अडकतात. न्यायालयांच्या आदेशांविषयीच्या १७८९ आणि १७९२च्या वेगळ्या कायद्यांनुसार सर्वोच्च आणि सर्किट न्यायालयांतून निघणाऱ्या समन्स-वॉरंटांवर सरन्यायाधीशाच्या नावाची साक्ष घालणं बंधनकारक होतं. त्यामुळे शेकडो मैल दूरच्या न्यायालयाच्या कागदावरही ‘साक्षी माननीय ऑलिव्हर एल्सवर्थ, सरन्यायाधीश’ असा मजकूर दिसतो. ती सही नव्हे. ते नाव कारकुनाने लिहिलेलं किंवा छापलेलं असतं आणि सही असते ती खाली, न्यायालयाच्या कारकुनाची. नाव मजकुराच्या ओघात, त्याच हस्ताक्षरात आणि त्याच ओळीत असेल तर ती साक्षीची ओळ समजावी. एल्सवर्थ यांच्या आधीचे सरन्यायाधीश जॉन जे आणि नंतरचे जॉन मार्शल यांच्या काळच्या कागदांनाही हेच लागू आहे.

आता तुमच्या कागदाकडे वळू. पहिलं काम म्हणजे तो चौकटीतून बाहेर काढणं, कारण काचेआडून काहीच नीट तपासता येत नाही आणि जुन्या चौकटीतला पुठ्ठा बहुधा आम्लयुक्त असतो. चौकट पालथी घालून मऊ कापडावर ठेवा, खिळे किंवा पिना पक्कडीने आडव्या दिशेने काढा आणि मागचा पुठ्ठा उचला. कागद काचेला चिकटलेला दिसला, पुठ्ठ्यावर पूर्ण डकवलेला असला किंवा चिकटपट्टीने बसवलेला असला तर तिथेच थांबा. पट्टी ओढली की कागदाचा वरचा थर, कधी कधी शाईसकट, निघून येतो. वाफ, केस वाळवायचं यंत्र, पेट्रोल, पाणी यांतलं काहीही वापरू नका. ते काम कागद-संवर्धकाचं आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, कारण त्यांत कड जाणवत नाही आणि फाटलेलं टोक अडकतं. जवळ शाईचं पेन ठेवू नका, शिसपेन्सिल ठेवा.

कागद उजेडासमोर धरा. अठराव्या शतकातला अमेरिकी लिहिण्याचा कागद हा चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद असतो. साच्याच्या तारांमुळे त्यात बारीक समांतर रेषा दिसतात आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेषा. अशा रेषा नसलेला सपाट पोताचा कागद इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात निघाला, पण अमेरिकेत तो शतकाच्या शेवटापर्यंत विरळाच होता. १७७७च्या कनेटिकटच्या कागदावर तो दिसला तर शंका घ्यावी. लाकडाच्या लगद्याचा ठिसूळ, कडेने तपकिरी झालेला कागद असेल तर प्रश्नच मिटला. तो कागद कितीही ‘जुना’ दिसला तरी १८६०च्या दशकाआधीचा नाही. १९७६ साली स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला मुद्दाम पिवळवलेल्या, कुरकुरीत कागदांवर असंख्य प्रतिकृती छापल्या गेल्या. त्या हातात घेतल्या की चर्मपत्रासारख्या कडक लागतात आणि त्यांचा पिवळेपणा दोन्ही बाजूंनी एकसारखा असतो. खरा कागद घडीच्या बाहेरच्या भागावर मळलेला आणि आतल्या भागावर तुलनेने स्वच्छ असतो.

३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी स्वस्तात मिळते. अंधाऱ्या खोलीत ती कागदावर काही सेकंद धरा. निळसर-पांढरा झगझगीत उजेड परतला तर कागदात १९५०च्या सुमारास रूढ झालेली पांढरेपणाची रसायनं आहेत. चिंध्यांचा जुना कागद मंद, मळकट पिवळसर दिसतो. एखादाच तुकडा झगमगत असेल तर ती मागाहून लावलेली ठिगळपट्टी असू शकते, तेवढ्यावरून सगळा कागद बाद करू नका. याच उजेडात शाई गडद काळी दिसेल आणि फिकट पडलेली अक्षरंही वाचता येतील. मागच्या बाजूची पुसट पोच वाचायची हीच वेळ.

शाईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोडी कागद हाताळलेले लोक इथे चुकतात. आपल्या दप्तरांतली शाई बहुतेक काजळाची, म्हणजे कार्बनची. ती तीनशे वर्षांनीही काळीकुट्ट राहते आणि कागदाला खात नाही. वाळवी, ओल आणि पाणी हे मोडी कागदाचे शत्रू, शाई नव्हे. युरोप-अमेरिकेतली शाई मात्र मायफळ, हिराकस, डिंक आणि पाणी यांची. ती लिहिताना फिकट असते, हवेत काळी होते आणि दशकं उलटली की तपकिरी पडते. तिच्यातलं आम्ल आणि जादा लोह कागद आतून कुरतडतं. म्हणून अशा कागदावर जाड रेघेभोवती तांबूस वलय, मागच्या बाजूला उमटलेली अक्षरं आणि फारच बिघाड असेल तर रेघेच्या जागी भेग दिसते. या गोष्टी अस्सलपणाच्या बाजूने साक्ष देतात आणि त्याच वेळी कागद आजारी असल्याचंही सांगतात.

दहापट दाखवणारं भिंग घ्या. छापील प्रतिकृती असेल तर रेघ ठिपक्यांची बनलेली दिसते किंवा सगळीकडे एकाच जाडीचा, सपाट रंग दिसतो. पिसाच्या लेखणीची रेघ जिवंत असते: खाली येताना रुंद, वर जाताना केसासारखी, लेखणी नुकतीच बुडवली तिथे गडद आणि पुढच्या चारपाच शब्दांत फिकी होत गेलेली. रेघेच्या दोन्ही कडांना खोल ओरखडे आणि मध्ये फिकट पट्टा दिसला तर ती पोलादी टाकाची खूण. असे टाक १८२०-३०च्या दशकांत स्वस्त झाले, १७७७मध्ये ते सर्रास नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली शाईचा थर मगरीच्या कातडीसारखा तडकलेला दिसला तर सावध व्हा. १९८०च्या दशकात सॉल्ट लेक सिटीत मार्क हॉफमनची बनावट हस्तलिखितं ज्या खुणांनी पकडली गेली त्यांत ही एक होती: ताजी शाई रसायनांनी घाईघाईत म्हातारी केली की तिच्यातला डिंक असा फुटतो.

पण एल्सवर्थ यांचा पे टेबलचा हुकूम कोणी पूर्ण बनावट तयार करील, ही शक्यता कमी वाटते. असे अस्सल हुकूम बाजारात बरेच आहेत आणि किंमत फार नाही, मेहनत परवडत नाही. विसाव्या शतकात जोसेफ कोझीने बेंजामिन फ्रँकलिन यांचे अदायगीचे हुकूम आणि एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंगने वॉशिंग्टन यांचे कागद बनवले, कारण त्या नावांना भाव होता. आपल्या प्रकरणात खरी भीती वेगळी आहे: अस्सल जुन्या हुकुमावर, जिथे एखाद्या अनोळखी सदस्याची सही आहे, तिथे एल्सवर्थ यांचं नाव मागाहून घालणं.

हे पकडायची जागा म्हणजे घडी आणि भोक. हुकूम आधी लिहिला गेला, मग दुमडला गेला आणि पैसे चुकते झाल्यावर रद्द केला गेला. म्हणून अस्सल सहीवरून घडी जात असेल तर घडीवर शाई झिजून तुटलेली दिसते. मागाहून केलेल्या सहीची शाई घडीतल्या मोकळ्या तंतूंत शिरते आणि तिथे ती फुटलेली, पिसारल्यासारखी दिसते. तुमच्या कागदाच्या भोकाची कडा भिंगाखाली नीट पाहा. अक्षर भोकाने कापलं असेल तर कडेवर शाई संपलेली दिसायला हवी. भोकाच्या आतल्या कडेवरून शाई ओघळून मागे गेली असेल तर अक्षर भोकानंतर लिहिलं आहे. भोक किंवा कातरीचा काप ही रद्द केल्याची तत्कालीन खूण आहे, तो दोष समजून बुजवून घेऊ नका. मात्र तो सहीवरूनच गेला असेल तर किंमत उतरते, हे खरं.

सहीची तुलना करायची तर त्याच काळातल्या आणि त्याच प्रकारच्या कागदाशी करा. १७९८च्या सवडीने लिहिलेल्या पत्राखालची सही आणि १७७७मध्ये दिवसाच्या कितव्या तरी बिलावर केलेली सही सारखी नसते. हार्टफर्डची कनेटिकट स्टेट लायब्ररी आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संग्रहांतले नमुने आधाराला घ्या. अक्षरांचा आकार नकलाकार साधतो, पण वेग त्याला साधत नाही. रेघ कापरी असेल, अक्षराच्या मध्येच लेखणी उचलून पुन्हा टेकवली असेल, शेवटचा फटकारा निमुळता न होता बोथट थांबला असेल तर सही हळू, बघून बघून काढलेली आहे.

मजकूरही साक्ष देतो आणि लोक हा भाग उगाच सोडून देतात. १७७६च्या उन्हाळ्यानंतरच्या कागदावर ‘कॉलनी’ऐवजी ‘स्टेट’ हवं. शब्दांच्या मध्ये इंग्रजी ‘एस’ बऱ्याचदा ‘एफ’सारखा लांब काढलेला असतो. तो छपाईत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला आणि हस्ताक्षरात त्याहून काही काळ. रक्कम तपासा: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, आणि कनेटिकटच्या चलनात सहा शिलिंगचा एक स्पॅनिश डॉलर. काँटिनेंटल सैन्यातल्या साध्या शिपायाचा पगार महिन्याला ४० शिलिंग, म्हणजे ६ पूर्णांक दोन तृतीयांश डॉलर होता. हुकूम तीन महिन्यांच्या पगाराचा असून रक्कम ६ पौंड असेल तर हिशेब जुळतो. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असेल तर भिंगाने पाहा. आकडा वाढवलेला असेल तर तो फेरफारही त्याच काळातला असू शकतो.

पाठीमागची पोच तर समोरच्या सहीइतकीच महत्त्वाची समजा. पैसे कोणी घेतले, कोणत्या पलटणीसाठी, सही केली की फुलीची खूण? कनेटिकटच्या चौथ्या पलटणीत युद्धाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय सैनिकांची एक स्वतंत्र तुकडी होती आणि तिच्यातल्या काहींनी ‘लिबर्टी’, ‘फ्रीडम’ अशी आडनावं घेतली होती. गुलामीतून आलेल्या या माणसांच्या हातचा कागद फारच थोडा उरला आहे. पगाराच्या हुकुमाच्या मागे असं नाव किंवा अशी फुली सापडली तर तो कागद एल्सवर्थ यांच्या सहीमुळे नव्हे, त्या नावामुळे मोलाचा ठरतो. संशोधकालाही त्याचाच उपयोग जास्त. माझ्या मते तुमच्या कागदावरचं सगळ्यात आधी वाचण्यासारखं नाव तिथे आहे.

किमतीबद्दल मोघमच सांगता येतं. एल्सवर्थ यांच्या सहीचे पे टेबलचे साधे हुकूम सहसा काहीशे डॉलरच्या घरात जातात. सही स्वच्छ असणं, पाठीमागचं नाव, मजकुरातला विषय यांवर आकडा हलतो. सरन्यायाधीशपदाच्या काळातलं न्यायालयीन विषयाचं पत्र याच्या कित्येक पट जातं. तुम्हाला १७७७चा हुकूम सरन्यायाधीशाच्या पत्राच्या भावाने दिला गेला असेल तर बिल हाती ठेवून विक्रेत्याशी बोला.

एक कायदेशीर गोष्टही बघून ठेवा. सरकारी दप्तरातून बाहेर गेलेला कागद सरकार परत मागू शकतं. १९७७ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या विल्यम हूपर यांच्या सहीची १७६७ आणि १७६८ची दोन आरोपपत्रं खासगी संग्राहकाकडून राज्याला परत मिळवून दिली. न्यायालयीन कागदांना हा धोका जास्त, कारण ते न्यायालयाच्या दप्तराबाहेर असण्याचं सरळ कारण सापडत नाही. पे टेबलचे हुकूम दीर्घकाळ उघडपणे विकले जात आहेत. तरीही कोपरा कापलेला, शिक्का खरवडलेला किंवा ग्रंथालयाचा पानक्रमांक पुसलेला दिसला तर कनेटिकट स्टेट लायब्ररीला छायाचित्र पाठवून विचारा. विकायला काढण्याआधी तरी नक्की विचारा.

जपणुकीत सर्वांत मोठा प्रश्न दमटपणाचा. मायफळाच्या शाईतलं लोह ओलाव्यात हलतं आणि नवा कागद खात सुटतं. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि तापमान २० अंशांच्या आसपास ठेवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते रोज वर-खाली होऊ देऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात बंद घरातही आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. भिंत ओल धरते, काचेच्या आत बाष्प जमतं, बुरशी येते. म्हणून मूळ कागद पुण्यात भिंतीवर लावू नका. त्याची चांगली रंगीत प्रत काढून ती चौकटीत घाला. मूळ कागद लावायचाच असेल तर कनेटिकटच्या घरी, बाहेरच्या भिंतीवर नव्हे, खिडकी किंवा शेगडीजवळ नव्हे, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे, ५० लक्सपेक्षा कमी उजेडात आणि वर्षातून फार तर तीन महिने.

बाकीचा वेळ तो आम्लमुक्त, कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या कागदाच्या घडीत आणि त्यावर ताठ आम्लमुक्त पेटीत आडवा ठेवा. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं, दोन बाजू उघड्या असलेलं घ्या. बाजारातली वासाची मऊ प्लास्टिक पाकिटं पीव्हीसीची असतात, ती शाई ओढून घेतात. शाई भुकटीसारखी सुटत असेल तर पॉलिएस्टरही नको, त्याच्या स्थिर विजेने कण उचलले जातात. लॅमिनेशन तर मुळीच नको. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कित्येक अभिलेखागारांनी कागद सेल्युलोज अॅसिटेटमध्ये उष्णतेने दाबून ठेवले आणि आता संवर्धकांना ते थर द्रावकांत बुडवून काढावे लागत आहेत.

रेघांवर तांबूस वलय दिसत असेल किंवा रेघेच्या कडेला भेग असेल तर संवर्धकाकडून लोहाची पट्टी-चाचणी करून घ्या. मोकळं लोह असेल तर खास कागदी पट्टी गुलाबी-जांभळी होते. मग ते लोह बांधून टाकणाऱ्या कॅल्शियम फायटेटचा उपचार करायचा की कोरडं ठेवून नुसतं लक्ष ठेवायचं, हे कागदाची ताकद पाहून ठरतं. साध्या पाण्यात धुणं मात्र नाकारा, त्याने लोह पसरतं. फाटलेली घडी जपानी कागदाने, कमीत कमी ओलाव्याने सांधतात. घरगुती डिंकपट्टी लावून पाठवलेला कागद दुरुस्त करायला दुप्पट काम पडतं.

संवर्धकाकडे किंवा जाणकाराकडे जाताना चार छायाचित्रं आधी काढा: समोरची, मागची, उजेडासमोर धरलेली आणि एका बाजूने तिरका उजेड टाकून घेतलेली. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा. फ्लॅश बंद. सही आणि भोकाची कडा यांचं जवळून एकेक छायाचित्र वेगळं घ्या. विक्रेत्याचं बिल, विक्रीची तारीख आणि चौकटीच्या मागे जी काही चिठ्ठी, दुकानाचं लेबल किंवा पेन्सिलीचा आकडा असेल तो फेकू नका. तो एका वेगळ्या पाकिटात कागदाबरोबर ठेवा, कारण पुढच्या तपासात कागद कुणाकडून आला हे सांगणारा तोच पुरावा असेल.